डोंग्याचं सर्टिफिकेट

मी यवतमाळ शहरात वाढले. आमच्या घरी पाणी म्हणजे नळाला येणारं, तेही येईल तेव्हा, आणि आलं की ड्रमात भरून ठेवायचं. वडील ऑफिसात, काका ऑफिसात, पोहणं हा विषय घरात कधी निघालाच नाही. लग्न होऊन धरणाकाठच्या या गावात आले तेव्हा घरामागं एवढं मोठं पाणी पाहून मला हायसंच वाटलं होतं. धुण्याची सोय झाली, एवढाच काय तो विचार. त्या पाण्यातून एक दिवस तुला सासऱ्याला ओढून काढायचं आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी मिळेल त्या एसटीनं माहेर गाठलं असतं.

सासर शेतकऱ्यांचं. इकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. धरण झालं तेव्हा मामाजींची निम्मी जमीन पाण्याखाली गेली आणि एक तुकडा पलीकडच्या थडीला राहिला. तिथं जायला त्यांनी पत्र्याचा डोंगा, म्हणजे लहानशी नाव, करून घेतला. पुढं तो तुकडा विकला, पण डोंगा राहिला. पलीकडच्या गावात आत्याबाईंची मोठी बहीण दिलेली होती ना! दर शुक्रवारी मामाजी डोंगा काढायचे. आत्याबाई डोंग्याच्या दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे मिटून बसायच्या आणि पलीकडे पाय टेकले की मगच डोळे उघडायच्या. इतकी वर्षं त्या पाण्यावरून गेल्या आणि पाणी काही त्यांनी पाहिलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर वरून हुकूम आला. कुठंतरी दूरच्या जिल्ह्यात नाव उलटली होती म्हणे. आता ज्याच्याजवळ सुरक्षेचं सर्टिफिकेट नाही त्यानं माणसं बसवून डोंगा पाण्यात घालायचा नाही. प्रशिक्षण घ्या, परीक्षा द्या, आणि बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट पाहिजे. हुकूम चुकीचा नव्हता, हे मी आज म्हणते. त्या दिवशी काय म्हणाले होते ते लिहिण्यासारखं नाही.

मामाजी दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षणाला नाव नोंदवायला गेले आणि डोळ्यांच्या तपासणीतच अडकले. काचबिंदू. डॉक्टरांनी समोरचा फळा वाचायला सांगितला, तर मामाजी म्हणाले, कोणता फळा? नवरा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, पाळीची नोकरी, आठवड्यातून एकदा घरी. त्याला प्रशिक्षणाला सुट्टी मिळेना, आणि मिळाली असती तरी अडल्या वेळी तो इथं असणार नव्हता. गावात दुसरा डोंगेवाला नाही, म्हणजे डोंगा काठावर उपडा पडला आणि आत्याबाईंचे शुक्रवार बंद झाले.

पूल आहे, पण तो फार लांब. खड्ड्यांच्या रस्त्यानं ऑटोत बसून फिरून जावं लागतं आणि आत्याबाईंच्या खुब्यात सळई आहे. एकदा हट्टानं गेल्या, तर परत आल्यावर कितीतरी दिवस खाटेवरून उठवेना. मावशी, म्हणजे त्यांची बहीण, अर्धं अंग गेल्यापासून खाटेलाच आहे आणि तिला ऐकूही कमी येतं. फोन लावला की नुसती 'हालो हालो' करत राहते. एकदा व्हिडिओ कॉल लावून दिला, तर ती चांगला हात मोबाइलच्या मागं घालून बहीण चाचपडू लागली. आत्याबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बंद कर हे. पाहावत नाई."

मला वाटलं होतं, रडतील, दोन दिवस बोलणार नाहीत आणि मग सवय होईल. पण एका दुपारी तूर निवडता निवडता त्या आपणहून बोलल्या. मारेगावकडं त्यांचा भाऊ होता. तो गेला तेव्हा निरोप मिळाला, गाडी मिळाली, पण त्या पोचेपर्यंत त्याला नेलं होतं. 

"भावाचं तोंड पाहाले नाई भेटलं मले," त्या सुपाकडं पाहत म्हणाल्या. मोठ्या बहिणीला त्या बाई म्हणत. "आता बाई राह्यली. तिचंबी तसंच होईन. तिचं तोंड तेवढं भेटावं, दुसरं मले कायी नोको वं."

माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावर असतो, पण तो उपयोगाला क्वचितच येतो. त्या दिवशी आला. मी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "परीक्षा मी देते."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "तू? तुले बादलीत तोंड घालाचंबी भेव वाटते."

"शिकते."

"कायी नोको. बहिनीपायी सून पान्यात घालू का मी? नाई भेटली बाई त नाई भेटली." आणि त्या इतक्या चिडल्या की सगळी निवडलेली तूर पुन्हा खड्यांत मिसळली. मग दोघींनी मिळून ती परत निवडली. तोवर त्यांचा विरोध बराचसा मावळला होता. जाताना फक्त एवढं म्हणाल्या की कळंबच्या चिंतामणी गणपतीला सांगून ठेवते.

आता अडचण वेगळीच होती. गावात पोहायला शिकवणारा एकच माणूस, आणि तो माझा सासरा. आमच्या घरात भांडण नव्हतं, पण रीत होती. मामाजींसमोर डोक्यावर पदर. ते ओसरीत असतील तर मी आतून जायचं. आणि ते माझ्याशी थेट बोलत नसत, मीही नाही. जेवताना म्हणायचे, "तिले म्हना भाजी चांगली झाली," आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी असायची. शहरातून आल्यावर सुरुवातीला मला याचं हसू यायचं. पुढं मीसुद्धा आत्याबाईंना म्हणू लागले, "त्यांना विचारा, अजून पोळी वाढू का?" माणसाला कशाचीही सवय होते.

तर शिकवणी अशी व्हायची. मी सलवार-कुर्त्यात, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, पाठीला रिकामा प्लॅस्टिकचा डबा, पाण्यात. मामाजी काठावरच्या दगडावर बसून, नीट दिसत नसल्यामुळं माझ्या छपछप आवाजाकडं कान लावून. आणि मधे आत्याबाई, पाण्याकडं पाठ करून. घरच्या माणसाला पाण्यात पाहणं त्यांना जमत नाही, पण मला एकटीला सोडवतही नाही.

"तिले सांग, पाय ताठ ठेवू नोको," मामाजी म्हणायचे.

"थे म्हन्तेत, पाय ताठ ठेवू नोको," आत्याबाई बाभळीच्या झाडाला सांगायच्या.

हा निरोप माझ्यापर्यंत पोचेपर्यंत मी पोटभर पाणी प्यायलेली असायची. मग मी खोकत म्हणायची, "त्यांना सांगा, डबा सुटून राह्यला!" आणि आत्याबाई तोंड न वळवता किंचाळायच्या, "डबा सुटला म्हन्ते वो!" थंडीचे दिवस. दात वाजायचे. काठावर म्हशी धुवायला आलेली माणसं आपलं काम सोडून आमच्याकडं बघत उभी राहायची. मी पाण्यात कमी आणि लाजेत जास्त बुडत होते.

पण शिकले. एका सकाळी डब्याची दोरी खरंच सुटली, डबा वाहत गेला आणि मी वरच राहिले. कुणी काही सांगितलं नव्हतं. पाठीवर पडून होते, कानांत पाणी, डोळ्यांसमोर नुसतं आभाळ. मला एकदम माझी आई आठवली. ती असती तर ओरडली असती आणि मग सगळ्या आळीला सांगत सुटली असती.

वल्हं मारायला त्यापेक्षा लवकर जमलं. हात फोडांनी भरले, पण डोंगा सांगेल तिकडं जाऊ लागला.

प्रशिक्षण आमच्याच धरणावर होतं. जिल्ह्याहून एक तरुण सर आले होते. शिकायला आलेले बाकी सगळे धरणाकाठच्या लांबच्या गावांतले मासेमारी करणारे आणि डोंगेवाले, आणि मी एकटी बाई. सर चांगले होते. मला ताई म्हणायचे, आणि मी चुकले की इतरांना जेवढं बोलत तेवढंच बोलायचे. जॅकेट कसं बांधायचं, डोंग्यात किती माणसं, वारा सुटला तर काय करायचं, अंधार पडल्यावर डोंगा का काढायचा नाही, सगळं शिकवलं. शेवटी परीक्षा. जॅकेट घालून तरंगणं झालं. डोंगा खुणेच्या बांबूला वळसा घालून आणणं झालं. उरला एकच प्रकार. पाण्यात पडलेल्या माणसाकडं डोंगा न्यायचा, दोरी बांधलेलं तरंगतं कडं फेकायचं, त्याला डोंग्याच्या मागच्या बाजूला ओढून घ्यायचं आणि काखेत हात घालून वर घ्यायचं. बाजूनं चढू द्यायचं नाही, डोंगा उलटतो.

पाण्यात पडायला एक माणूस हवा होता. डोंगेवाले एकमेकांकडं बघून हसत होते. बाईमाणसानं काखेत हात घालायचा म्हटल्यावर कुणी पुढं येईना.

"मी पडतो," काठावरून मामाजी म्हणाले. आणि टोपी काढून त्यांनी आत्याबाईंच्या हातात दिली.

त्यांना पोहण्यात हरवेल असा माणूस आजही गावात नाही. जॅकेट घालून ते आत गेले आणि झकास बुडू लागले. मी डोंगा नेला. कडं फेकलं, ते पहिल्याच फेकीत त्यांच्या हाताशी पडलं. ओढत आणलं. सगळं बरोबर चाललं होतं. ते डोंग्याच्या मागं आले, त्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत मी त्यांना टोपीशिवाय पाहिलं नव्हतं. पांढरे विरळ केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहरा माझ्यापासून वीतभर. आमची नजरानजर झाली आणि माझा हात आपोआप डोक्याकडं गेला, पदर घ्यायला.

पदर नव्हताच. ओढणी कमरेला होती. मी डोक्यावर चाचपडत राहिले, दोरी हातातून सुटली, सरसर पाण्यात गेली आणि मामाजी कड्यासकट शांतपणे मागं वाहत गेले.

काठावर हशा पिकला. सर हसले नाहीत. डोंगा काठाला लागल्यावर म्हणाले, "ताई, माणूस बुडतोय आणि तुम्ही पदर शोधताय. मी तुम्हाला पास करू शकत नाही. पुढच्या तुकडीबरोबर परत या."

घरी येता येता मला सरांचा राग आला, मग पदराचा, मग ज्यांनी ही रीत काढली त्यांचा, आणि शेवटी घोडं माझ्यावरच येऊन थांबलं. चुलीपुढं बसले आणि भाकरी थापता थापता रडू कोसळलं. त्याच सकाळी पलीकडून निरोप होता की मावशीनं जेवण सोडल्यासारखं केलंय, आणि शुक्रवार आला की खाट बाहेर ओढायला लावते, पाण्याकडं तोंड करून पडते.

आत्याबाई शेजारी बसल्या. "जाऊ दे वं. माह्या नशिबात असन त भेटन."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात मामाजी उभे राहिले. ते तिथवर कधी येत नसत. मी घाईघाईनं पदर ओढला आणि उठले. त्यांनी आत्याबाईंकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं, म्हणजे जिथं मी अंधुक दिसत असेन तिकडं.

"पोरी," ते म्हणाले, "आयक. पान्यात मी तुहा सासरा नाई. पान्यात मी नुस्तं वजन आहो. वजन वर घेतेत. त्याच्यापुढं पदर घेत नाई."

त्यांच्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं याचा मी कधी विचारच केला नव्हता. शेवटी म्हणाले, "हो, मामाजी."

"मोठ्यानं म्हन. पान्यात आयकू येत नाई."

"हो, मामाजी!"

"हां," ते म्हणाले आणि गेले. आत्याबाई जराशा फुरंगटून म्हणाल्या, "मले सांगतलं असतं त मीबी सांगतलं असतं तुले."

त्यानंतर शिकवणीत मधला माणूस राहिला नाही. मामाजी थेट ओरडू लागले, आणि ओरडताना त्यांना 'सून' हा शब्द काही आठवत नसावा, कारण ते मला "अवं म्हशी" म्हणत. मला याचा इतका आनंद का व्हावा हे सांगता येत नाही, पण व्हायचा. आमच्या वडिलांनंतर मला इतक्या हक्कानं कुणी ओरडलं नव्हतं. आत्याबाई मात्र आपल्या जागी, पाण्याकडं पाठ करून.

पुढची तुकडी आली, तेच सर आले. मामाजींनी पुन्हा टोपी काढली. या वेळी ते ठरवूनच आले होते की सोपं जाऊ द्यायचं नाही. डोंगा जवळ गेला तसे ते खरे घाबरलेल्या माणसासारखे हातपाय झाडू लागले, कडं ढकलून दिलं आणि थेट डोंग्याची बाजू धरली. डोंगा कलला. मला काही आठवलं नाही, ना रीत ना लाज.

"सोडा!" मी ओरडले. "हात सोडा म्हणते ना! मागं चला! काहून झटून राह्यले, गप्प राहा!"

अख्ख्या धरणाला ऐकू गेलं असेल. मामाजी गप्प झाले. मी त्यांच्या जॅकेटची कॉलर धरून त्यांना मागं नेलं, काखेत हात घातले, एक गुडघा टेकला आणि ओढलं. वजन वर आलं. ते डोंग्यात पालथे पडले आणि पालथ्यापालथ्याच हसत होते.

काठाकडं पाहिलं तर आत्याबाई उभ्या. तोंड पाण्याकडं. सून सासऱ्याला झापते आहे हे कानावर पडल्यावर त्यांच्यानं पाठ करून राहवलं नव्हतं. मी जवळ गेले तशा हळूच म्हणाल्या, "अजून दोन शब्द बोलाचे होते. मले त एवढ्या वर्षांत जमलं नाई."

असं गंगेत घोडं न्हालं. सर्टिफिकेट मिळालं, आणि पहिला शुक्रवार आला तो संक्रांतीच्या तोंडावर. आत्याबाई तिळाचे लाडू घेऊन, चांगलं लुगडं नेसून डोंग्याशी आल्या. मी नारिंगी जॅकेट पुढं केलं.

"हे? लुगड्यावरून? लोक काय म्हन्तीन?"

"घातल्याशिवाय डोंगा हलणार नाही."

"सासूले सांगतं?"

"डोंग्यात मी सांगते." आणि मी वल्हं खाली ठेवून बसले. त्या बडबडल्या, मामाजींकडं दाद मागितली, मामाजींनी ऐकू न आल्यासारखं केलं, मग घातलं. पण त्या दिवशी अर्ध्या पाण्यात गेल्यावर मी पाहिलं तर त्यांचे डोळे उघडे होते. माझ्या हातांकडं बघत होत्या.

पलीकडं निंबाखाली मावशीची खाट होती, पाण्याकडं तोंड करून. आत्याबाई जॅकेटसकट, लंगडत, जमेल तेवढ्या घाईनं गेल्या आणि खाटेवर बसल्या. मावशीनं चांगल्या हातानं बहिणीचं तोंड चाचपलं, कपाळ, गाल, हनुवटी, आणि मग म्हणाली, "वाळली तू."

"अन् तू काय फुगली का? खात नाई म्हन्ते." आत्याबाईंनी लाडू कुस्करून तिला भरवायला घेतला. मावशी खात होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही चालू.

बऱ्याच वेळानं मावशीला मी दिसले. "डोंगा कोनं आनला?"

"हे. सून," आत्याबाई तिच्या कानाशी ओरडल्या. "पास झाली!"

मावशीनं मला जवळ बोलावलं. माझा हात उलटा करून तळव्यावरचे घट्टे पाहिले, त्यांवरून अंगठा फिरवला. मग अगदी साध्या आवाजात, बाजारातून काही आणायला सांगावं तसं, म्हणाली, "मंग आता मले कायी झालं त हिले घेऊन येशीन ना वं? वेळेवर?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई उसळल्या. "तूच काहून आंधी? मीच गेली आंधी त?"

मावशीला दोनदा ओरडून सांगावं लागलं. ऐकू आल्यावर तिनं विचार केला. "त मंग हे सून मले घेऊन येईन तिकडं."

"तू? तुह्यानं खाटेवर बसनं होत नाई, डोंग्यात बसशीन?"

"बसीन," मावशी म्हणाली. "तुह्या तोंडासाठी बसीन."

मग दोघी माझ्याकडं पाहू लागल्या. दोन म्हाताऱ्या बायका, एकीच्या अंगात नारिंगी जॅकेट. मी मोठ्यानं, मावशीला ऐकू जाईल असं म्हणाले, "जिला न्यायचं तिला नेईन. पण जाकीट घालावं लागेल."

"मयतीलेबी?" मावशीनं विचारलं.

"मयतीलाबी."

आधी मावशी हसली, मग आत्याबाई, आणि मग त्या इतक्या हसल्या की मावशीला ठसका लागला आणि मला धावत पाणी आणावं लागलं.

त्याला आता बरेच महिने झाले. मावशी आहे. एक घास जास्तच खाते. आमचे शुक्रवार चुकत नाहीत. अंधारात डोंगा काढायचा नाही हा नियम मी पाळते, पण उजाडल्या उजाडल्या निघता आलं पाहिजे, म्हणून दिवस मावळायच्या आत डोंग्यात साचलेलं पाणी उपसून ठेवते, वल्ही जागच्या जागी आहेत का बघते, आणि झोपताना फोन उशाशी घेते, आवाज मोठा करून. हे कशासाठी ते आम्ही घरात कधी बोललो नाही. फक्त आत्याबाई अंथरुणावर पडण्याआधी एकदा आतून विचारतात, "पानी उपसलं का वं?" मी "हो" म्हणते, आणि मग त्या झोपतात.